घर आणि गाडीचा विमा: आयुष्य बदललं की पॉलिसी कुठे-कुठे तपासायची

रिन्यूअलचा मेसेज येतो, लिंक उघडते, मागच्याच वर्षीची माहिती भरलेली असते. आपण फक्त रक्कम बघतो, ओटीपी टाकतो आणि मोकळे होतो. अडचण त्या आधीच भरलेल्या माहितीत असते. पॉलिसी काढली त्या दिवशी तुम्ही कुठे राहत होता, गाडी कोणत्या कामाला वापरत होता, कर्ज कोणत्या बँकेचं होतं, हे सगळं तिच्यात गोठलेलं असतं. मधल्या काळात लग्न झालं, घर बदललं, गाडीला सीएनजी किट बसलं किंवा फ्लॅट भाड्याने दिला, यातलं काहीही कंपनीला आपोआप कळत नाही. कळतं ते क्लेमच्या वेळी, नुकसान तपासणारा सर्व्हेअर दारात उभा असताना.

म्हणून रिन्यूअलच्या तारखेची वाट पाहत बसू नका. घरात काही मोठं घडलं की त्याच आठवड्यात दोन्ही पॉलिसी बाहेर काढा. पुढचं सगळं भारतातल्या नियमांना धरून आहे.

पहिली पायरी: शेड्यूल वाचा, माहितीपत्रक नाही

पॉलिसीचे पंधरा-वीस छापील पाने वाचायची गरज नाही. पहिली एक-दोन पानं, ज्यांना शेड्यूल म्हणतात, तीच तुमच्यापुरती खास असतात. गाडीच्या शेड्यूलशेजारी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, ठेवा आणि एकेक रकाना ताडून पाहा: मालकाचं नाव, पत्ता, इंजिन आणि चासी नंबर, इंधनाचा प्रकार, बँकेचा बोजा, आयडीव्ही (गाडीची विमा रक्कम), एनसीबीची (क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीची) टक्केवारी आणि घेतलेली ॲड-ऑन, म्हणजे जादा, कव्हर. आरसीवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव एकच हवं. गाडी वडिलांच्या नावावर आणि पॉलिसी मुलाच्या, असं बऱ्याच घरांत दिसतं. रिन्यूअल मुलगा ऑनलाइन करतो आणि स्वतःचंच नाव टाकून बसतो. असा क्लेम अडकायला दुसरं कारण लागत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे अनेकांच्या डोक्यात ‘आपला तीन वर्षांचा विमा आहे’ एवढंच बसतं. पण त्याच पॉलिसीतला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. शेड्यूलवर या दोन भागांच्या मुदतीच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. पहिलं वर्ष संपलं की ओन डॅमेज वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर पोलिसांना दाखवायला विमा आहे आणि गाडी ठोकली तर रुपया मिळणार नाही, अशी अवस्था होते.

घराच्या शेड्यूलमध्ये पत्ता, कार्पेट एरिया, इमारतीची विमा रक्कम, सामानाची विमा रक्कम आणि बँकेचं नाव पाहा.

दुसरी पायरी: घराची रक्कम नव्याने काढा

घराच्या विम्यात सगळ्यात मोठा गोंधळ रकमेचा. फ्लॅट ऐंशी लाखांना घेतला म्हणून ऐंशी लाखांचा विमा काढायचा नसतो. त्या किमतीत जमिनीचा, ठिकाणाचा आणि बाजारभावाचा वाटा असतो, आणि जमीन जळत नाही. विमा उतरवायचा तो बांधकामाचा: तेवढंच घर आज पुन्हा बांधायला किती खर्च येईल, त्याचा.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमानुसार ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. कंपनी कोणतीही असली तरी तिचा मूळ मसुदा एकच. तिच्यात इमारतीची रक्कम कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा आजचा दर अशी निघते. समजा कार्पेट ६० चौरस मीटर आहे आणि दर चौरस मीटरला २५,००० रुपये. म्हणजे इमारतीची रक्कम १५ लाख. सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, एवढं कव्हर यादी न देता आपोआप मिळतं. या उदाहरणात ते ३ लाख झालं. आता घरात फिरून बघा: फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, पलंग, कपाटं, कपडे. ३ लाखांत बसतंय का? बसत नसेल तर यादी देऊन जास्त रक्कम घेता येते, आणि तिचा प्रीमियम लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

या पॉलिसीची एक मोठी सोय अशी की विमा रक्कम थोडी कमी पडली म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापत नाहीत. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत तसं कापलं जाऊ शकतं. घराची खरी रक्कम २० लाख, विमा १० लाखांचा, नुकसान ४ लाखांचं. तर ‘निम्माच विमा होता’ असं धरून हातात २ लाखच पडतात. तुमची पॉलिसी नेमकी कोणती आहे हे त्यासाठी माहीत हवं. अर्थात भारत गृह रक्षामध्येही विमा रकमेच्या वर पैसे मिळत नाहीत, म्हणून खोली वाढवली किंवा गच्चीवर बांधकाम केलं की आकडा बदलून घ्यायलाच हवा.

चोरीबद्दल मात्र बहुतेकांची समजूत चुकीची असते. भारत गृह रक्षामध्ये आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं येतं. चोरी येते ती अशी एखादी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळेच झाली तर. घर बंद असताना कुलूप तोडून कपाट साफ केलं, तर त्यासाठी घरफोडीचं वेगळं कव्हर लागतं. ‘घराचा विमा आहे’ म्हणून निर्धास्त असलेल्यांपैकी किती जणांनी हे तपासलंय, कोण जाणे.

दागिन्यांचंही तसंच. सामानाच्या साध्या कव्हरमध्ये दागिने धरलेले नसतात. मौल्यवान वस्तूंचं वेगळं कव्हर ठरलेल्या किमतीने घ्यावं लागतं. लग्नानंतर घरात सोनं आलं की ही नोंद पहिली. लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे बँकेने विमा उतरवला असंही नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडं ३,००० असेल तर तीन लाख. भूकंप किंवा पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत ती जबाबदारीही येत नाही.

गृहकर्ज घेतलं, फेडलं, सोसायटीत राहायला गेलात

कर्ज मंजूर करताना बँकेत ज्या विम्यावर सही घेतात तो कित्येकदा कर्जदाराचा जीवन विमा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं. घराला आग लागली तर त्यातून काहीच मिळत नाही. दोन्ही पॉलिसींची नावं ऐकायला सारखी वाटतात, म्हणून बँकेकडून प्रत मागून घ्या आणि ‘कशाचा विमा’ हा रकाना वाचा. घराचाच असेल तर रक्कम कर्जाएवढी आहे की बांधकामाएवढी, हेही पाहा. कर्ज फिटल्यावर पॉलिसीतून बँकेचं नाव काढून घ्या; ते राहिलं तर क्लेमचा चेक बँकेच्या नावाने निघण्याची भानगड होते.

सोसायटीची इमारत असेल तर सेक्रेटरीकडे विमा पॉलिसीची प्रत मागा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंप यांविरुद्ध विमा उतरवण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात किती संस्था तो वेळेवर भरतात हे तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणारे सांगू शकतील. विमा असेल तर तो ढाच्याचा असतो; तुमच्या फ्लॅटमधलं फर्निचर, मॉड्युलर किचन, सामान त्यात धरलेलं नसतं.

भाड्याने राहत असाल तर फक्त सामानाचा विमा घेता येतो आणि तो घ्यावाच. पण घर बदललं की तो तुमच्याबरोबर आपोआप चालत नाही. सामानाचं कव्हर शेड्यूलवरच्या पत्त्याला बांधलेलं असतं, त्यामुळे टेम्पो निघण्याआधी नवा पत्ता कळवा. स्वतःचं घर भाड्याने देणार असाल, घरात क्लास, शिवणकाम किंवा मालाचा साठा सुरू करणार असाल, तेही कळवायचं. राहत्या घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल येत नाही.

मुलाकडे परदेशी चार-सहा महिने जाणाऱ्या आई-वडिलांसाठी एक अट महत्त्वाची. अनेक पॉलिसींमध्ये घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवण्याची अट असते. न कळवता गेलात आणि मागे काही झालं, तर वाद तिथूनच सुरू होतो. निघण्याआधी एक ई-मेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.

तिसरी पायरी: गाडीचा आयडीव्ही आणि एनसीबी

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम. तो गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या जाहीर विक्री किमतीतून घसारा, म्हणजे वयानुसार घटणारी किंमत, वजा करून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. त्यापुढे तुम्ही आणि कंपनी मिळून रक्कम ठरवता. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरतात. प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढलेला कोट पाठवणं ही जुनी युक्ती आहे. दोन कोट तुलनेला घेताना आयडीव्ही सारखा करून घ्या, मग स्वस्त-महाग ठरवा.

एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळते आणि वर्षागणिक २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढत जाते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. त्यामुळे बंपरला खरचटलं म्हणून लगेच क्लेम लावण्याआधी हिशोब मांडा. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १०,००० रुपये आहे आणि तुम्हाला ५० टक्के सूट मिळतेय. दुरुस्ती ४,५०० रुपयांची. क्लेम केला तर १,५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे १,००० रुपये खिशातून जातात (त्यावरच्या कारला २,०००), प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि पुढच्या वर्षी ५,००० रुपयांची सूट जाते. त्यानंतरही पन्नास टक्क्यांवर परत पोचायला पाच वर्षं. गॅरेजवाला ‘क्लेममध्ये करून देतो’ म्हणतो तेव्हा त्याचं बिल निघतं, तुमची सूट जाते.

एनसीबी गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षांपर्यंत वापरता येतं. आणि पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटले तर साठवलेली सूट संपली, हेही लक्षात असू द्या. परदेशी किंवा परगावी बदली झालेल्यांची गाडी पार्किंगमध्ये उभी राहते आणि नेमकं हेच होतं.

गाडीचा वापर बदलला तर

खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते: भाड्याने किंवा मोबदला घेऊन माणसं नेणं, मालवाहतूक, शर्यत, वेगाची चाचणी, गाड्यांच्या धंद्यासाठी वापर हे सगळं बाहेर. ऑफिसला जाणं-येणं चालतं. पण नोकरी गेल्यावर किंवा जोडधंदा म्हणून तीच कार टॅक्सी ॲपवर लावली, ओळखीच्यांना पैसे घेऊन विमानतळावर सोडायला सुरुवात केली किंवा दुचाकीवर डिलिव्हरी सुरू केली, तर आधी कंपनीला लेखी विचारा आणि परवान्यासकट योग्य ती पॉलिसी घ्या. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणण्याची ही जागा नाही.

सीएनजी किट बसवलं तर दोन नोंदी लागतात: आरटीओत आरसीवर आणि कंपनीत पॉलिसीवर. ठरलेल्या दराप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजसाठी आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये एवढाच जादा प्रीमियम. इतक्या कमी पैशांसाठी नोंद टाळून पूर्ण क्लेम धोक्यात घालण्यात काही शहाणपण नाही.

मूल अठराचं झालं, गाडी मागू लागलं, तर भारतात पॉलिसीवर त्याचं नाव घालायची गरज सहसा नसते; वैध लायसन्स मात्र हवं, आणि ते त्या प्रकारच्या वाहनाचं हवं. अठराच्या आधी किल्ली दिली तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधल्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाहनाची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते.

घरात दुसरी गाडी आली की मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याकडे बघा. तो सक्तीचा आहे, पण एका माणसाच्या दोन गाड्यांसाठी दोनदा घ्यावा लागत नाही. गाडी पत्नीच्या नावावर असेल तर तिचा वेगळा हवा. आणि दोन्हींवरचा नॉमिनी तपासा. लग्नाला दहा वर्षं झाली तरी नॉमिनी आईच, हे अगदी सर्रास असतं.

दुचाकीवर मागे बसणाऱ्याचा विचार कुणी करत नाही. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याच्या भरपाईची जबाबदारी कंपनीवर येत नाही. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या पॅकेज पॉलिसीत येते. रोज मुलांना किंवा बायकोला मागे बसवत असाल, तर जुनी दुचाकी म्हणून फक्त थर्ड पार्टीवर येण्याआधी हे लक्षात घ्या.

गाडी विकली, किंवा मालक वारला

विक्रीनंतर थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे जातो, पण नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. ओन डॅमेज अर्जाशिवाय जात नाही. विकणाऱ्याने तर आरसी नावावरून उतरेपर्यंत पाठपुरावा सोडूच नये: आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी देऊन पैसे घेतले तरी पुढच्या अपघाताची नुकसानभरपाई तुमच्या दारात येऊ शकते.

मालकाचं निधन झालं तर गाडीची पॉलिसी लगेच रद्द होत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत ती चालते. त्या दिवसांत कुणाला विमा आठवत नाही, हे खरं आहे. पण गाडी वारसाच्या नावावर करायची घाई इथे करावीच लागते. वापर पती, पत्नी, मुलं किंवा आई-वडील यांच्याकडे गेला तर एनसीबीही त्यांना मिळते. कंपनीकडे ती मागायची असते.

चौथी पायरी: कळवायचं ते लेखी

एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. पॉलिसीत बदल होतो तो एन्डॉर्समेंटने, म्हणजे कंपनीने दिलेल्या दुरुस्तीपत्राने. ई-मेल असा साधा पुरतो:

‘पॉलिसी क्रमांक अमुक. माझ्या कारला अमुक तारखेला सीएनजी किट बसवलं आहे. आरसीवर नोंद झाली आहे, प्रत आणि किटचं बिल जोडलं आहे. पॉलिसीत नोंद करून एन्डॉर्समेंट पाठवावं आणि जादा प्रीमियम किती ते कळवावं.’

पत्ता, बँकेचं नाव, नॉमिनी, वाढवलेलं बांधकाम, सगळ्यांना हाच साचा चालतो. एन्डॉर्समेंटचा पीडीएफ आल्यावर त्यातली बदल लागू होण्याची तारीख पाहा आणि तो मूळ पॉलिसीच्याच फोल्डरमध्ये ठेवा. घराच्या सामानाचा मोबाइलवर खोलीवार व्हिडिओ काढून बिलांसोबत क्लाउडवर टाका. आगीत कागद आधी जातात.

तपासताना कव्हर जास्त झालंय असं दिसलं, उदाहरणार्थ त्याच घरासाठी बँकेची आणि तुमची अशा दोन पॉलिसी चालू आहेत, तर एक बंद करता येते. वर्षभराची पॉलिसी असेल आणि क्लेम केला नसेल तर उरलेल्या काळाचा प्रीमियम त्या प्रमाणात परत मिळतो. गाडीचा थर्ड पार्टी विमा मात्र असा मध्येच सोडता येत नाही. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं; पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये.

कंपनी एन्डॉर्समेंट देईना किंवा चुकीच्या कारणाने क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा, मग आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत तो अर्ज करायचा, आणि सोबत जोडायला तुमचे ई-मेल आणि एन्डॉर्समेंट हाताशी हवेत.